जावईबापूंचं बहिरेपण

सरकारी छापखान्याच्या फोरमनचा जावई एका सोमवारी बहिरा झाला. शनिवारपर्यंत चांगला ऐकत होता. सासऱ्याचा डबा पोचवायला आला की फाटकावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा ठोकायचा, मागून कुणी हाक मारली की गर्रकन वळायचा, रेडिओवर गाणं लागलं की बोटांनी टेबल वाजवायचा. रविवारी काय घडलं ते त्याला, त्याच्या सासऱ्याला आणि शिक्का मारणाऱ्या डॉक्टरलाच ठाऊक. सोमवारी तो बाइंडिंग खात्यात हजर झाला तो कानामागे यंत्र लावून, खिशात कर्णबधिर असल्याचं प्रमाणपत्र घालून, आणि चेहरा असा की या कानांनी जन्मात कधी कावळासुद्धा ओरडलेला ऐकला नाही.

तो ज्या जागेवर बसला ती टाचणीची होती.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, छापखान्यानं ठेवलेलं. अंगानं बारीक, चालायला ताठ, आणि बोलली की टोचायची. लहानपणी तापात दोन्ही कान गेले. घरातल्या सगळ्यांनी कपाळावर हात मारला, पण आईनं मारला नाही. तिनं पोरीला आरशासमोर बसवलं, शेजारी स्वतः बसली आणि एकेक शब्द तोंडानं घडवून दाखवत ओठ वाचायला शिकवलं. आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, एवढं मात्र आरशात दिसत नाही. त्यामुळे टाचणी बोलायची ते एकाच पट्टीत, खणखणीत. गुपित सांगायला गेली तरी चार घरं गोळा व्हायची.

ओठ वाचता येणं हे वरदान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बहिरं होऊन पाहावं. माणसं भिंतीला कान असतात म्हणून जपून बोलतात, पण बहिऱ्यासमोर तोंड सोडतात. आई गेल्यावर टाचणी दादाकडे राहत होती. वहिनी तिच्याकडे बघून गोड हसायची आणि हसत हसतच नवऱ्याला म्हणायची, "ही घोरपड काही जन्मभर आपल्या गळ्यातून सुटत नाही." टाचणी समोर बसून मटार सोलत असायची. सोलत राहायची. दादा काही बोलायचा नाही, आणि त्याचं ते न बोलणं तिला वहिनीच्या बोलण्याहून स्पष्ट वाचता यायचं.

तिची वळकटी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात असायची. ज्याला त्याला तिला ओलांडूनच जावं लागे. तिला आयुष्यात फार काही नको होतं. छापखान्यामागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातली एक हवी होती. आतून कडी लागणारं दार. आणि त्या दाराला घंटीऐवजी दिवा, बाहेर कुणी बटण दाबलं की आत लागणारा. अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला तेव्हा नियमच निघाला होता की कायम नोकरीतल्या बहिऱ्या कामगाराला खोली द्यायची तर असा दिवा लावून द्यायचा. तो दिवा कुठे लावायचा हेसुद्धा टाचणीनं मनात ठरवून ठेवलं होतं. ओट्याच्या वर. भाजी ढवळतानाही दिसला पाहिजे.

त्याच कायद्यानं छापखान्यात काही जागा अपंगांसाठी राखून ठेवल्या होत्या. बाइंडिंगमध्ये एक होती, ती म्हातारा बाइंडर निवृत्त झाला की मोकळी होणार होती. टाचणी तिथे रोजंदारीवर होती. फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी करायचे, शिवायचे, पुस्तकाच्या कण्याला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, सगळं तिच्या हातातलं. "टाचणे, ही जागा तुझीच," असं फोरमन स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. म्हाताऱ्यानं जाताना आपला दाभण तिच्या हातात दिला होता. आणि मग तो सोमवार उजाडला.

फोरमननं जावयाला तिच्या शेजारी आणून उभं केलं. तिच्याकडे वळून तोंड वासून वासून म्हणाला, "याला शिकव. तुझ्यासारखाच आहे बिचारा." मग जावयाकडे वळला. मान वळवली, पण ओठ लपवायची अक्कल त्याला सुचली नाही. "हिच्यासमोर बिनधास्त बोलत जा, ही ठार बहिरी आहे. वर्षभर कळ काढ, मग तुला ऑफिसात घेतो."

जावई हसला. टाचणीनं दाभण घट्ट धरला. रडू आलं नाही. आली ती चीड, आणि ती अशी आली की पुढे कधी गेलीच नाही.

टाचणीला खुणांची भाषा शिकवणाऱ्या शाळेतल्या जुन्या बाई म्हणाल्या, "तक्रार कर. कायद्यात खोट्या प्रमाणपत्राला शिक्षा आहे, तुरुंग आहे." टाचणीनं ती तपासणी पाहिलेली होती. कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं नाही की बहिरा. शिवाय तपासणारा डॉक्टर तोच, शिक्का मारणारा.

"तिथे त्याला चहा थंड होईपर्यंत गप्प बसायचंय," ती बाईंना म्हणाली. "मी त्याला जन्मभर गप्प बसवते."

त्याच सुमाराला छापखान्यात नव्या कल्याण अधिकारी आल्या. सगळे त्यांना कल्याणबाई म्हणत. कायदा झाला की असं एक माणूस नेमावं लागतं, आणि असं माणूस बहुधा खुर्ची गरम करून घरी जातं. ही बाई वेगळी निघाली. कायदा पाळण्यासाठी असतो अशी तिची खरोखरची समजूत होती. टाचणी तिच्या समोर जाऊन बसली.

"माझं काही नाही, मी रोजंदारीची. पण या नव्या माणसाचे हाल बघवत नाहीत. याला याचे हक्क कुणी सांगितलेलेच नाहीत."

कल्याणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची जागा गेली आणि दुसऱ्याच्या हक्कांसाठी झगडते! टाचणीनंही मान खाली घातली. हसू दाबायला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

मग जावईबापूंच्या कल्याणाला सुरुवात झाली. पहिला हुकूम, याला कुणी हाक मारायची नाही. काम असेल तर समोर येऊन खांद्याला हात लावायचा किंवा दिवा उघडझाप करायचा. त्यासाठी बाइंडिंगच्या दाराशी एक बटण बसवलं, संकटाच्या वेळी सगळे दिवे एकदम मिचकवायला. मग जागेबरोबर त्याला मिळालेल्या छापखान्यामागच्या खोलीवरची घंटी निघाली, दिवा लागला. टेलिफोन निघाला, बहिऱ्याला कशाला? रेडिओ कल्याणबाईंनी प्रेमानं समजूत घालून कॅन्टीनला देववला. आठवड्यातून एकदा खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू झाला, शिकवायला टाचणी, शिकायला जावईबापू एकटे. चुकला की ती बोटांवर पट्टी मारायची. लहान मुलांच्या वर्गात मारत नाहीत, पण मोठ्या माणसांबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

घरीही सुटका नव्हती. खोल्यांच्या भिंती पातळ आणि शेजारी सगळे छापखान्याचेच. बायकोला अंगणातून हातवारे करून बोलवावं लागे. भांडण झालं तर भांडायची एकटी बायको. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसायचा, कारण उत्तर दिलं तर ऐकू आलं असं ठरायचं. नोकरी धरली तर चावते, सोडली तर पळते, अशी त्याची गत झाली.

पण खरी मजा जेवणाच्या सुट्टीत असायची. कामगारांना सगळं ठाऊक होतं. फोरमनच्या धाकानं अळीमिळी गुपचिळी, तक्रार करायची कुणाची छाती नव्हती. मात्र जावईबापूंना सरकारनंच बहिरं ठरवल्यावर त्यांच्यासमोर बोलायला कुणाची परवानगी लागणार होती? गाडीवाले काका घास चावत त्याच्या तोंडावर म्हणायचे, "सासऱ्याच्या ताटातलं उष्टं खाऊन गुबगुबीत झालाय बघा." खळ शिजवणारी मावशी म्हणायची, "बायकोसुद्धा माहेरी सांगत होती म्हणे, हा दगड परत घ्या." सगळे खो खो हसायचे. जावईबापूंना हसता यायचं नाही, रागावता यायचं नाही, उठून जाता यायचं नाही. कानाची पाळी तेवढी लाल व्हायची.

टाचणी समोरच बसायची. मावशीचे ओठ वाचायची आणि लगेच त्याचा चेहरा. बोलणारं तोंड आणि ते झेलणारं तोंड असं एकाच वेळी वाचण्याची चैन तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. वहिनीसमोर मटार सोलताना आपला चेहरा कसा दिसत असेल ते तिला आता कळलं. वाईट वाटलं का? वाटलं. स्वतःबद्दल. त्याच्याबद्दल तसूभरही नाही.

एकदा त्यानं तिला जिन्यात गाठलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवले. तेवढं तो वर्गात शिकला होता. "कशाला छळतेस मला?"

"मी?" टाचणी तिच्या खणखणीत पट्टीत म्हणाली. "मी तुमच्या हक्कांसाठी भांडते आहे! अजून काही कमी पडतंय का?" जिन्यातली सगळी माणसं वळली. तो पटापट पायऱ्या उतरून गेला.

काही लोक म्हणतात, सूड वाईट, माणसाला आतून पोखरतो. असेलही. टाचणीला त्या वर्षात चांगली झोप लागत होती आणि तिचं वजन वाढलं होतं. पण एक गोष्ट खरी. जागा अजून त्याच्याकडेच होती, खोली त्याच्याकडेच होती, आणि तो दिवा त्याच्या ओट्यावर लागत होता. रोज संध्याकाळी ती त्याच बोळातल्या वळकटीकडे परत जायची. वर्ष संपत आलं होतं. फोरमन त्याला ऑफिसात ओढणार, मग तिथे बंद दाराआड तो ऐकू-बोलू लागणार, आणि राखीव जागा त्याच्या नावावरच राहणार. पाखरू हातून उडणार हे तिला दिसत होतं.

बाइंडिंग खात्यात वरच्या गोदामातून एक सिमेंटचा उतार येत असे. तोही त्याच कायद्यानं बांधलेला, चाकांच्या खुर्चीसाठी. चाकांची खुर्ची छापखान्यात आजवर एकही आली नव्हती, म्हणून फोरमननं त्यावरून कागदाच्या रिमांची हातगाडी सोडायला सुरुवात केली होती. कल्याणबाईंनी दोनदा हरकत घेतली होती. फोरमननं ती एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडली होती.

त्या दुपारी टाचणी आणि जावईबापू एकाच टेबलाशी उभे होते, दोघांची पाठ उताराकडे. ती फर्मे शिवत होती, तो खळ लावत होता. वरच्या सज्जात फोरमन आणि कल्याणबाई बोलत उभे होते. गाडीवाल्या काकांनी रिमा जरा जास्तच रचल्या होत्या. उताराच्या तोंडाशी त्यांचा पाय घसरला आणि गाडी हातातून सुटली.

काका ओरडले असतील, पण खाली कटिंग मशीन चालू होतं. गाडी सुटलेली पाहून कल्याणबाई ओरडल्याच नाहीत. त्यांना माहीत होतं की खाली दोन बहिरी माणसं आहेत, ओरडून उपयोग नाही. त्या जिन्यावरून धावत सुटल्या त्या दाराजवळच्या बटणाकडे. फोरमन जागचा हलला नाही. त्यानं नुसता छातीतला सगळा जोर काढून आवाज दिला.

"जावईबापू! मागे गाडी! सरका!"

आणि जावईबापू सरकले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, बेडकासारखी उडी मारून भिंतीला चिकटले. त्यांचा उजवा हात टाचणीच्या दंडापासून वीतभर अंतरावर होता. तो हात खळीच्या ब्रशासकट त्यांच्याबरोबरच गेला.

पुढच्याच क्षणी खोलीतले सगळे दिवे मिचकले. टाचणीनं मान वर केली, मागे पाहिलं, आणि अंग टेबलाच्या बाजूला फेकलं. अंग वाचलं. डावा पाय राहिला.

मशीन कुणीतरी बंद केलं. फोरमन खाली धावत आला आणि रिमांच्या ढिगाखाली पाय अडकलेल्या टाचणीला ओलांडून थेट भिंतीकडे गेला. जावयाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "लागलं का रे तुला?"

"नाही मामा," जावई म्हणाला, "मला नाही."

सासऱ्यानं मागून विचारलेल्या प्रश्नाला जावयानं दिलेलं ते उत्तर सगळ्या खात्यानं ऐकलं. टाचणीला ऐकू आलं नाही, पण दोघांचीही तोंडं तिला बाजूनं दिसत होती आणि तिनं ती जमिनीवर पडल्या पडल्या वाचली. पायातून कळ मस्तकात जात होती आणि ती हसत होती. मावशीला वाटलं पोर भ्रमली. कल्याणबाई अजून बटणावर हात ठेवून उभ्या होत्या. जावयाकडे बघत, पांढऱ्याफटक.

"त्यांना ऐकू आलं," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या. मग कामगार बोलू लागले, आणि वर्षभराचं झाकण उडाल्यावर कुणाला आवरता येईनात.

दवाखान्यात फोरमन सफरचंदं घेऊन आला. टाचणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, पायाची दोन बोटं कापलेली. तो खाटेशी वाकला आणि ओठ कुणाकुणापासून लपवायचे ते आता शिकला असल्यामुळे आधी आजूबाजूला पाहून घेतलं. "एवढंच सांग, की आधी तू हललीस आणि तुला बघून तो हलला. तुला दुसरी जागा काढून देतो. कायमची. शब्द देतो."

"काय?" टाचणी म्हणाली. "दुसरी जागा काढून देता? खोटं सांगितलं तर? जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!"

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरची डोकी वर झाली. सफरचंदं तिथेच टाकून फोरमन निघाला. टाचणीनं ती सगळ्या वॉर्डाला वाटली.

पुढचं भराभर झालं. चौकशीत कल्याणबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, काकांनी आपली चूकही सांगितली आणि फोरमनची हाकही, मावशीनं तर अभिनय करून उडी दाखवली. जावई म्हणाला, जमीन हादरली म्हणून कळलं. अधिकाऱ्यांनी टाचणीला विचारलं, तुला का नाही हादरली? ती म्हणाली, "मला मामा नाही ना, साहेब." जावयाची नोकरी गेली, फोरमन निलंबित झाला, डॉक्टरचा शिक्का काढून घेतला. खोट्या प्रमाणपत्राचा खटला कोर्टात उभा राहिला आणि टाचणी त्यात मुख्य साक्षीदार झाली.

जागा तिला मिळाली. टाचणीनं दादाकडून वळकटी उचलली तेव्हा वहिनी रडली. "आमची आठवण ठेवा हो, घर सुनं झालं." टाचणीनं तिच्याकडे नीट बघितलं. "घोरपड सुटली एकदाची," ती म्हणाली आणि काठी टेकत बाहेर पडली. दादानं सामानाची पेटी उचलली आणि सगळ्या वाटेनं मान वर केली नाही.

खोली तीच मिळाली, जावयाची. ओट्याच्या वर दिवा होता. तिनंच लावायला लावलेला, तिनंच जागा सांगितलेली. पहिल्या संध्याकाळी मावशीनं बाहेरून बटण दाबून पाहिलं. दिवा लागला तेव्हा टाचणी ओट्याला धरून उभी राहिली. आई असती तर तिला एकदा बटण दाबायला लावलं असतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी, ती चहा गाळत असताना, दिवा लागला. ती खिडकीशी गेली. काचेपलीकडे जावईबापू उभे होते. दाढी वाढलेली, कानामागचं यंत्र नाही. शेजारच्या खोल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज काढला नाही, नुसते ओठ हलवले. चांगलं बोलत होता. शिकवलेलं विसरला नव्हता.

"ताई, पाया पडतो. तुरुंगात घालतील मला. मी वाईट माणूस नाही. त्या दिवशी तुला ओढणार होतो, देवाशप्पथ. हात पुढे येतच होता. पण ओढलं असतं तर मला ऐकू येतं हे कळलं असतं. नोकरी गेली असती गं."

टाचणीनं शेवटच्या शब्दापर्यंत नीट वाचलं. मग खिडकी उघडली.

"काय म्हणता?" तिच्या त्या एकाच पट्टीत ती म्हणाली. "मला ओढलं असतं तर तुमची नोकरी गेली असती? म्हणून नाही ओढलं?"

अंगणाच्या चारही बाजूंनी खिडक्या उघडल्या. मावशी दारात आली, गाडीवाले काका तोंडातला घास तसाच ठेवून बाहेर आले. जावईबापूंनी चारी बाजूंना पाहिलं आणि पुन्हा दाराच्या बटणाकडे हात नेला.

टाचणीनं खिडकी लावली, पडदा ओढला आणि कपात चहा ओतला. ओट्यावरचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तो बटण दाबत असणार. कदाचित आता आवाज काढूनही बोलत असेल, ओरडतही असेल. तिनं चहा संपवला. मग काठीच्या टोकानं दिव्याची कळ बंद केली आणि उद्या कोर्टात नेसायचं पातळ इस्त्रीला घेतलं.